बटण नव्हे, स्विच



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये दोघा-तिघांचे फोन येऊन गेले. पुण्याच्या भाचीने तर "मामा, ब्लॉग बंद केला का?" असं सरळच विचारलं. बंद नाही केला बाई. एका वेगळ्याच अभ्यासात अडकलो होतो. आयुष्यभर व्याकरण आणि इतिहास शिकवलेला, मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस सत्तरी उलटल्यावर 'फायबरचे पोर्ट असलेला इंडस्ट्रियल नेटवर्क स्विच कसा निवडावा' याचा अभ्यास करत होता, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा खुशाल. मीही आधी हसलोच होतो.

त्याचं झालं असं. माझा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, मलकापूरकडे एका सहकारी जिनिंग-प्रेसिंगमध्ये विजेचं काम बघतो. आयटीआय झालाय, हुशार आहे, पण लिहायचं म्हटलं की अंगावर काटा येतो त्याच्या. मे महिन्यात एका संध्याकाळी मोटरसायकलवरून रोहिणखेडला आला. पाणी प्यायला आणि म्हणाला,

"आबा, मले एक अर्ज लिहून द्या. संचालक मंडळापुढे ठेवाचा हाय. स्विच घ्याचे हायेत."

"अरे, बटणासाठी संचालक मंडळापुढे अर्ज?"

"बटण नाई आबा, नेटवर्कचा स्विच! एक बावीस हजाराचा हाय. चार पायजेत, अन् एक जास्तीचा."

मी चष्मा पुसून त्याच्याकडे बघितलं. त्याने पिशवीतून इंग्रजी माहितीपत्रकांचा गठ्ठा काढून ओट्यावर ठेवला. संचालक सगळे शेतकरी. त्यांना ही पत्रकं दाखवून उपयोग नाही. "तुमी लिहिलं तं समजते लोकायले," म्हणाला. मास्तराला एवढं म्हटलं की तो गेलाच कामातून! पण मी एक अट घातली. मला समजल्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही.

आधी त्याची गरज काय, ते सांगतो. जिनिंगचं आवार चांगलं लांबरुंद असतं. गेटजवळ वजनकाटा, मग ऑफिस, मग जिनिंगचा हॉल, प्रेस, आणि पार टोकाला रुईच्या गाठींचं गोदाम. काट्यावर ट्रॅक्टर चढला की भरल्या गाडीचं वजन आपोआप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जातं. कापूस उतरवून रिकामी गाडी परत चढली की वजाबाकी होऊन पावती निघते. मध्ये माणसाचा हात नाही. शिवाय कापसाला आगीची भीती सदाची, म्हणून जागोजागी कॅमेरे. हे सगळं जिथे जोडलं जातं ती डबी म्हणजे हा स्विच.

तो नेमकं काय करतो, हे मी नातवाकडून दोनदा ऐकलं आणि मग माझ्या भाषेत बसवलं. पूर्वी 'हब' नावाची वस्तू असे. ती म्हणजे वर्गात मोठ्याने निरोप सांगणारा शिपाई. निरोप एकाचा, ऐकायचं सगळ्यांनी. स्विच म्हणजे कोण कोणत्या बाकावर बसतं हे पाठ असलेला शिपाई. चिठ्ठी ज्याची त्याच्याच हातात देतो. नातू म्हणाला, "बरोबर हाय, असंच लिहा." पहिला धडा पास!

आता गेल्या वर्षीची हकीगत. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस चालू होता. आपल्याकडे कापसाची आवक सुरू व्हायला आणि संध्याकाळी विजा कडाडायला एकच गाठ पडते. एका संध्याकाळी आवाराजवळ वीज पडली. इमारतीवर नाही, बाजूच्या शेतात. तरी काट्यावरचा, ऑफिसमधला आणि प्रेसमधला असे तिन्ही स्विच गेले. सोबत दोन कॉम्प्युटर आणि काही कॅमेरे. चार दिवस वजनं हाताने वहीत लिहिली. त्या चार दिवसांत एका शेतकऱ्याच्या पावतीवर एक क्विंटल कमी लागला. लिहिणाऱ्याची वजाबाकी चुकली, बस. पण एक क्विंटल कापूस म्हणजे सात हजारांच्या घरातले रुपये. तो माणूस महिनाभर खेटे घालत होता. शेवटी गाठींचा हिशेब जुळवून त्याला पैसे मिळाले, पण तोवर गावभर 'तिथे काटा मारतात' अशी बोलवा झाली होती. नातवाला लागलं ते हे. जळालेल्या डब्या मेकॅनिकने बदलल्या असत्या. बोलवा कोण बदलणार?

मी विचारलं, "वीज शेतात पडली, तर आत कशी आली?"

तेव्हा कळलं की ती तारेवरून आली. सगळ्या इमारती तांब्याच्या नेटवर्क केबलने जोडलेल्या. वीज पडली की तिथल्या जमिनीचा दाब एकदम वाढतो. दूरच्या इमारतीखालच्या जमिनीचा तेवढा नसतो. मधली तांब्याची तार म्हणजे त्या दोघांमधली आयती वाट. शिवाय या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. गोदाम तर ३०० मीटरवर! मध्ये डब्या जोडत जोडत कसंतरी पोचवलेलं. त्यात जिनिंगच्या मोठ्या मोटरी चालू-बंद होताना जो विजेचा गोंगाट होतो, तोही तांबं पकडतं. कॅमेऱ्याचं चित्र मधूनच गोठतं, ते यामुळेही.

यावर उपाय काच. फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. त्यामुळे दोन इमारतींमध्ये निरोप जातो, पण विजेला वाट मिळत नाही.

काचेतून वाकड्या वाटेने उजेड जातो, हे मला पटायला वेळ लागला. खरं तर मी हे आधी ऐकलं होतं. २००४ साली शाळेची सहल शिवनेरीला गेली होती, तेव्हा नारायणगावजवळ खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण मुलांना दाखवली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. त्या सगळ्यांनी आकाशातून पकडलेलं ऑप्टिकल फायबरमधून मधल्या इमारतीत येतं, असं तिथल्या गृहस्थांनी सांगितलं होतं. मी मान हलवली होती. मास्तरलोक समजलं नाही तरी मान हलवतात!

या वेळी मात्र न्हाणीघरात प्रयोग केला. प्लास्टिकच्या बाटलीला खालच्या अंगाला बारीक भोक पाडलं, पाणी भरलं, आणि समोरच्या बाजूने नातवाच्या खेळण्यातल्या लेझरचा उजेड बरोबर भोकावर धरला. दिवा बंद केला. पाण्याची धार वाकून बादलीत पडत होती आणि उजेड तिच्या आतल्या आत वाकत खाली उतरत होता. सौ. बाहेरून विचारत होती, "अंधारात काय चाललंय?" जिनिव्हात कोलाडॉनने १८४१ साली आणि लंडनमध्ये टिंडलने १८५४ साली लोकांना दाखवला तो हाच प्रयोग. पुढे शंभर वर्षांनी, १९५४ साली, आपल्या पंजाबच्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं. काच पुरेशी शुद्ध केली तर लांब अंतरावर निरोप नेता येतील, हे १९६६ साली चार्ल्स काव यांनी मांडलं. त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. आज भारतनेटच्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत जी केबल टाकली जाते, ती हीच.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. नातवाने नमुन्याला आणलेल्या केबलचं टोक मी सवयीने डोळ्याजवळ नेलं. त्याने पटकन हात धरला. चालू फायबरमधला उजेड बहुधा डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. "दिसत नाई म्हणून नाई असं नसते आबा." आज्याला नातवाने शिकवलं!

तर फायबर घ्यायचं हे ठरलं. आता स्विच कोणता? इथे माहितीपत्रकांचं जंगल सुरू होतं. आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी बसून ते तुडवलं. माझ्या वहीत जे उतरलं ते थोडक्यात देतो. कुणाच्या कारखान्यात, शाळेत, डेअरीत उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट उष्णता. ऑफिसातल्या साध्या स्विचवर साधारण ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. मलकापूर-जळगावच्या पट्ट्यात मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतात, तर पत्र्याखालच्या बंद पेटीत काय होत असेल! इंडस्ट्रियल स्विच साधारण उणे ४० ते ७५ अंशांपर्यंत चालतात. त्यांना पंखा नसतो. धातूचं अंगच उष्णता बाहेर टाकतं. पंखा नसणं जिनिंगमध्ये फारच मोलाचं, कारण पंखा हवेबरोबर रुईची तुसं आत ओढतो. ती आत साचली की आधी गरमी, मग आणखी काय ते सांगायला नको.

पण यात एक खोच आहे. यातल्या बऱ्याच स्विचवर 'आयपी ३०' लिहिलेलं असतं. म्हणजे बोट किंवा जाडी तार आत जाणार नाही, एवढीच हमी. धूळ अडणार नाही. म्हणून त्याला धूळबंद पेटी हवीच. आणि पेटी बंद केली की आतली गरमी वाढणार, तीही हिशेबात धरायची.

दुसरी गोष्ट फायबरचे पोर्ट. काहींना ते कायमचे बसवलेले असतात, काहींना नुसता खाचा असतो आणि त्यात 'एसएफपी' नावाचा बोटाएवढा तुकडा घालायचा. होल्डर आणि दिवा यांच्यासारखं. तुकडा गेला तर तेवढाच बदलायचा. आम्ही खाचावाला पसंत केला. मात्र दोन्ही टोकांचे तुकडे एकाच वेगाचे आणि एकाच जातीचे हवेत. आणि तुकडाही उष्णतेचा हवा! विक्रेत्याने ७५ अंशांच्या स्विचसोबत ७० अंशांपर्यंतचे साधे तुकडे लावून भाव कमी केला होता. पेटीतल्या हवेपेक्षा तुकडा स्वतः जास्त तापतो. नातवाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

फायबरच्याही दोन जाती. मल्टिमोडची आतली काच ५० मायक्रॉनची, सिंगलमोडची ९ मायक्रॉनची. मल्टिमोड काहीशे मीटरपर्यंत, सिंगलमोड कित्येक किलोमीटर. आमचं अंतर दोन्हीत बसत होतं. पण चर एकदाच खोदायची, उद्या आवार वाढलं तर पुन्हा नको, म्हणून सिंगलमोड.

तिसरी गोष्ट वर्तुळ. जेसीबीने केबल तोडणं आपल्याकडे नेहमीचं. म्हणून ऑफिस, काटा, प्रेस, गोदाम आणि परत ऑफिस असं वर्तुळ करायचं. एका बाजूने तुटलं तर निरोप उलट्या वाटेने जातो. त्यासाठी प्रत्येक स्विचला फायबरचे निदान दोन पोर्ट हवेत आणि स्विच 'मॅनेज्ड' जातीचा हवा. साध्या स्विचचं वर्तुळ केलं तर निरोप गोल गोल फिरत राहतो आणि सगळंच बंद पडतं. काही कंपन्यांची वर्तुळाची पद्धत फक्त त्यांच्याच डब्यांशी जुळते. उद्या दुसऱ्या कंपनीचा स्विच आणला तर पंचाईत. म्हणून 'ईआरपीएस'सारखी सर्वांची मान्य पद्धत आहे ना, हे विचारून घ्यायचं.

चौथी गोष्ट वीज. याला दोन ठिकाणांहून वीज देता येते, एक गेली तर दुसरी. कॅमेऱ्यांना नेटवर्कच्याच तारेतून वीज द्यायची असेल तर स्विचला २४ व्होल्टवर भागेल की ४८ लागतील ते आधी विचारावं, आणि एका कॅमेऱ्याला १५ वॅट धरून बेरीज करावी.

पाचवीवर आमचा वाद झाला. गोदामाशेजारी सरकी असते, म्हणजे उंदीर आलेच. ते केबल कुरतडतात. मी म्हटलं, लोखंडी पत्र्याचं कवच असलेली घे. नातू म्हणाला, "आबा, मंग इजेले वाट कोनं देली? काचेनं नाई, कवचानं!" बरोबर होतं. तसं कवच घेतलं तर इमारतीत शिरण्याआधी ते कापून अर्थिंग करावं लागतं, आणि ते नीट केलं का हे जमिनीखाली कोण बघतो? शेवटी बिनधातूची केबल घेऊन ती जाड प्लास्टिकच्या पाइपातून न्यायची ठरली.

हे सगळं लिहून झालं आणि शेवटी किमतीशी येऊन थांबलो. साधा स्विच बाराशे रुपयांना. हा बावीस हजारांना. संचालक विचारणार, आणि त्यांनी विचारायलाच हवं. पैसा सभासदांचा आहे.

इथे माझी लेखणी दोन दिवस अडली. कारण मला आमच्या शाळेतले कॉम्प्युटर आठवत होते.

२००२ साली लोकवर्गणीतून शाळेत दोन कॉम्प्युटर आले. शंभर, पन्नास, कुणी दहा रुपये दिलेले. खोलीच्या वायरिंगचं काम माझ्याकडे होतं. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली. मधल्या दरपत्रकात अर्थिंगचा खड्डा, तांब्याची पट्टी असा वेगळा खर्च होता. सर्वांत कमी दराच्या पत्रकात तो नव्हता. मी कमी दरावर सही केली. नियमाने बरोबर होतं. जूनच्या पहिल्याच वादळात दोन्ही कॉम्प्युटर गेले. 'वीज पडली' असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. दुरुस्तीला पैसे नव्हते. त्या वर्षीच्या मुलांनी कॉम्प्युटरला फक्त हात लावून बघितला होता, तेवढाच. पुढची सहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्या झाकलेल्या दोन खोक्यांसमोरून मी रोज जात होतो.

हे मी घरातही कधी बोललो नव्हतो. नातवाला त्या संध्याकाळी सांगितलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "हे लिहा आबा अर्जात." मी लिहिलं. मग खोडलं. मग परत लिहिलं.

जुलैमध्ये बैठक झाली. मलाही बोलावलं होतं. अर्ज नातवानेच वाचला, अडखळत, पण वाचला. शेवटचा परिच्छेद आला तेव्हा मी खाली बघत होतो. एक संचालक माझाच जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, "गुरुजी, त्या वर्गणीत माह्या बापानं पन्नास रुपये देले होते. आमाले वाटे, वरून वीज पडली." मी म्हटलं, "वरूनही पडली, बाबा. पण वाट मी ठेवली होती."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दुसऱ्याने विचारलं, "चारच्या जागी तीन घेतले तं?" आणि नेहमीसारखी घासाघीस सुरू झाली. चार मंजूर झाले. जास्तीचा पाचवा नाही झाला. नातवाला त्याची रुखरुख आहे. एक गेला तर नवा येईपर्यंत आठ-पंधरा दिवस जाणार. त्याचं म्हणणं खरं आहे, पण सगळं एका बैठकीत मिळत नाही.

सप्टेंबरमध्ये काम झालं. प्रत्येक इमारतीचं अर्थिंगही तपासून घेतलं, कारण फायबर दोन इमारतींना तोडून ठेवतं, एका इमारतीच्या आतलं तांबं तसंच राहतं. याचा प्रत्यय यंदाच्या ऑक्टोबरमध्ये आलाच. काट्याशेजारी वीज पडली आणि गेटवरचा एक कॅमेरा गेला, काट्यावरच्या स्विचचा एक पोर्ट गेला. पण ऑफिस, प्रेस, गोदाम सगळं चालू. काट्याची वजनं दुसऱ्या सकाळी पहिल्या ट्रॅक्टरपासून कॉम्प्युटरवर येत होती. नातवाने पहिल्या पावतीचा फोटो मला मोबाईलवर पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. पावती छापील होती.

असो. शाळेत आता भिंतीवर मोठा टीव्ही आलाय, मुलं त्यावर धडे बघतात. मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारून मागच्या बाजूचा अर्थिंगचा खड्डा बघून आलो. आता खड्डा आहे, पट्टीही आहे. पण माती अगदी कोरडी ठणठणीत होती. शिपायाला सांगून दोन बादल्या पाणी ओतलं. दर उन्हाळ्यात ओतत जा म्हणून सांगून आलोय. कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच राहतं.

तुमच्या घराचंही एकदा बघून घ्या. भाचीबाई, तुमच्या सोसायटीचंसुद्धा!